कोल्होबांच्या भागीदार

एका डोंगरउतारावर मोहाचे जंगल होते आणि तिथे पुष्कळ खारी राहत असत. काय सुखाचे दिवस होते ते, बाळांनो! खारी चारोळ्यांच्या मोबदल्यात कुणाची फळे पोचवत, कुणाचा निरोप नेत आणि ऊन चढले की एका जुन्या मोहाखाली जमून एकमेकींच्या शेपट्या विंचरत. कुणी काय दिले, कुणी हात आखडता घेतला, सारे तिथे बोलून व्हायचे. अस्वलाने एकदा कंजूषपणा केला, तर दुसऱ्या दिवशी एकही खार त्याच्याकडे फिरकली नाही. त्या दुपारी आठवल्या की मला आजही हुरहुर लागते.

मग तिथे एक कोल्हा आला. उंच खडकावर बसून तो म्हणाला, "यापुढे ज्याला जे हवं, त्यानं मला सांगावं आणि चारोळ्याही माझ्याकडेच द्याव्यात. मी हाक मारीन. जी खार आधी ओ देईल, तिला काम. आणि हो, तुम्ही काही माझ्या नोकर नाही. तुम्ही माझ्या भागीदार!" भागीदार! खारींच्या शेपट्या फुलल्या. हाक चुकू नये म्हणून जी ती आपापल्या झाडावर कान टवकारून बसू लागली आणि मोहाखालची बैठक मोडली. खेपेला ओंजळभर चारोळ्या मिळत, त्या हळूहळू चिमूटभर झाल्या. पण भागीदाराने कुरकुर कशी करायची? जिला तिला वाटे, आपल्यालाच कमी मिळते आहे.

एके दिवशी घाईत उडी चुकून एका खारीचा पाय मोडला. घरी पिल्ले उपाशी. ती लंगडत खडकापाशी गेली. "कोल्होबा, पाय बरा होईपर्यंत थोड्या चारोळ्या द्या." कोल्हा गोड हसला. "अगं, तू भागीदार ना? भागीदारानं आपलं दुखणं आपणच सोसायचं." बिचारी मोहाखाली येऊन रडू लागली. ते ऐकून एकेक खार खाली उतरली. जुन्या सवयीने कुणीतरी तिची शेपटी विंचरायला घेतली आणि बोलता बोलता कळले, की चिमूट सगळ्यांच्याच वाट्याला येते आहे. म्हातारी खार म्हणाली, "चला गं, सगळ्या प्राण्यांच्या सभेपुढे जाऊ. जंगलाचा नियमच करून घेऊ." कोल्ह्याने हाकांवर हाका मारल्या, एकदोघींना गुपचूप दुप्पट देऊ केले. कुणीही ओ दिली नाही.

सभेत न्याय करायला हत्तीदादा बसले होते. कोल्हा म्हणाला, "या नोकर नाहीतच, भागीदार आहेत. यांना नियम कशाला?"

"असं? मग खेपेचं मोल कोण ठरवतं?"

"मी."

"उरलेल्या चारोळ्या कुणाच्या बिळात जातात?"

"माझ्या."

"आणि पाय मात्र यांचा मोडतो!" हत्तीदादा म्हणाले. सभेने नियम केला : खेपेचे मोल अंतर पाहून सभा ठरवील आणि कामात खार जखमी झाली, तर ती बरी होईपर्यंत तिचे पोट कोल्ह्याने भरायचे. कोल्हा फुरंगटून म्हणाला, "मग यापुढे मी यांना भागीदार म्हणणार नाही!"

लंगडी खार म्हणाली, "नका म्हणू, कोल्होबा. पोटभर द्या आणि खुशाल खार म्हणा."

तात्पर्य : गोड नावाने पोट भरत नाही; हक्काचा नियम हवा असेल, तर आधी एकत्र बसून एकमेकांना खरे सांगावे लागते.