पेटीतले बूट

एका उंच घाटाच्या माथ्यावर एक पागा होती. तिथे सगळं टिकायचं. दगडी भिंती टिकायच्या, जाडजूड दारं टिकायची, घोडे तर म्हातारे होईपर्यंत टिकायचे. टिकायचा नाही तो फक्त मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस. दर वर्षी नवा यायचा आणि थंडी सरायच्या आत लंगडत घाट उतरून जायचा.

कारण होतं पायाखाली. त्या माथ्यावर आधी पाऊस, मग धुकं, मग हाडं गोठवणारी थंडी. पागेच्या अंगणातला चिखल काही वाळायचा नाही. आणि तो साधा चिखल नव्हता, त्यात घोड्यांची लीद आणि मूत कालवलेलं असायचं. त्यात दिवसभर उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, टाचा फुटायच्या, आणि थंडी पडली की पाय आपले आहेत की दुसऱ्याचे तेही कळायचं नाही.

माणसं जायची दुसरीकडे पोट भरायला. हाल व्हायचे ते घोड्यांचे. घोड्याला एका हाताची सवय लागते, एका हाकेची सवय लागते. ती लागते न लागते तोच माणूस निघून जायचा. चांदणी नावाच्या घोडीने तर इतके हात बदललेले पाहिले होते, की ती आता कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. कुणी अंग घासायला, खरारा करायला गेलं की कडकडून चावायची. मला विचाराल तर तिचं काही चुकत नव्हतं.

एके दिवशी तिथे गोजरा नावाची बाई काम मागायला आली. तिचा बाप घोडे राखायचा, त्यामुळे ती घोड्यांतच वाढलेली. बाप गेला, घोडे गेले, आणि गोजरा लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली. पण रस्त्यावरून टापांचा आवाज आला की हातातलं भांडं तसंच टाकून ती दारात जायची. पुन्हा घोड्यांत राहायचं, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात हवी होती.

पागेचा कारभारी म्हातारा होता आणि बोलायला तिरका. तो म्हणाला, "बाई, हितं पैलवानासारखे गडी आलं आन् रडत गेलं. तू काय करणार?"

"ते पायामुळं गेले," गोजरा म्हणाली. "मी आधी पायाचा बंदोबस्त करते, मग येते."

कारभारी हसला. पण त्याला बोलणं पटलं असावं. "ठीक हाय. पुढची थंडी सरंपर्यंत टिकलीस, तर ही पागा कायमची तुझ्या हाताखाली. न्हाई टिकलीस, तर आलीस तशी जा."

गोजरा घाट उतरून बाजारात गेली. पहिल्या दुकानात पितळी बकलांचे लालभडक बूट होते, आत मऊ लोकर ठासून भरलेली. दुकानदार म्हणाला, "घाला तर खरं! जेवढा घट्ट, तेवढा गरम." तिने घातले. बोटं हलवून पाहिली. हलेनात. जे बोट हलत नाही ते आधी गारठतं, हे थंडीत राबलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तिने बूट काढून ठेवले.

दुसऱ्या दुकानात लाकडी तळाचे बूट होते, उखळाइतके जड. दुकानदार छाती ठोकून म्हणाला, "नातवंडं घालतील हे बूट!"

"नातवंडं घालतील हो," गोजरा म्हणाली. "पण चिखलात रुतल्यावर मला वर कोण काढंल?"

बाजाराच्या टोकाला एक मोची बसायचा. कारागीर पहिल्या प्रतीचा आणि भांडखोरही पहिल्या प्रतीचा. गोजराने त्याला सगळं सांगितलं, आणि दोघांची तिथेच जुंपली.

"शिवण खाली नको, मामा. घोड्याच्या मुतानं दोरा कुजतोय. तळाचं चामडं वर वळवून घ्या आन् चिखल पोचणार न्हाई तिथं शिवा."

"एवढं वर? बाई, बूट करायचाय का होडी?"

"होडीच करा. आत पाणी आलं न्हाई म्हंजे झालं. आन् पुढनं रुंद ठेवा. घोडं पायावर पाय देतंय. चामडं तिथं दुहेरी लावा."

"आन् ऊब?"

"घोंगडीचं अस्तर. पण बोटं नाचली पाहिजेत आत."

"बूट घालून नाचायचं पण हाय का!" मोची ओरडला. पण त्याचे डोळे चमकत होते. असं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक त्याला कधी मिळालं नव्हतं. त्याने जीव ओतून बूट शिवले आणि मेण-तेल चोळचोळून चामड्याला पाजलं.

बूट दिसायला ओबडधोबड झाले. पागेतले नोकर हसले. गोजरा सरळ घोड्यांच्या पाण्याच्या हौदात उतरली आणि उभी राहिली. हसून हसून सगळ्यांचं पोट दुखलं, तरी ती उभीच. मग बाहेर येऊन तिने बूट काढला आणि आतलं अस्तर कारभाऱ्याला चाचपायला लावलं. कोरडं ठणठणीत! हसणारेच आता वाकून बूट बघू लागले.

इथपर्यंत गोजराने सगळं शहाणपणाने केलं होतं. आता ऐका तिने काय केलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीद उचलायला निघताना तिने बुटांकडे पाहिलं. आयुष्यात इतकी चांगली वस्तू तिच्या मालकीची कधी झाली नव्हती. आणि समोर तो काळा, घाण चिखल. तिला वाटलं, 'आज राहू दे. आज काही फार पाऊस नाही.' तिने बूट फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले आणि जुन्या फाटक्या वहाणा घालून ती कामाला लागली.

मग जोराचा पाऊस आला. तिला वाटलं, 'आता तर नकोच, पार नासतील. थंडीसाठी ठेवू.' थंडी आली. तिला वाटलं, 'याहून कडक थंडी पुढे आहेच की.' आपल्याकडे नाही का, चांगली साडी लग्नासाठी, चांगली चादर पाहुण्यासाठी? अगदी तसंच.

तिच्या पायांना चिखल्या झाल्या. ती हळद-तेल लावायची आणि दात आवळून काम करायची. गोजरा मोठी जिद्दीची बाई, पण ती सगळी जिद्द आता दुखणं सोसण्यात खर्च होत होती. कारभाऱ्याने विचारलं, "लंगडतीस का गं?" तर म्हणाली, "काय न्हाई, काटा मोडलाय."

एक गोष्ट मात्र तिने साधली होती. रोज जवळ जाऊन, बोलून, मूठमूठ चंदीचे दाणे हातावर देऊन तिने चांदणीला आपलंसं केलं होतं. ती घोडी आता फक्त तिच्याच हाताला यायची. बाकीच्यांना चावणं चालूच होतं.

ऐन थंडीत एका सकाळी अवकाळी पाऊस कोसळत होता, आणि चांदणीचं पोट दुखायला लागलं. घोड्याचं पोट दुखणं ही साधी गोष्ट नसते. घोडा आडवा पडून लोळू लागला तर जिवावर बेतू शकतं. त्याला चालतं ठेवावं लागतं, पोट मोकळं होईपर्यंत.

गोजराने दोर धरला आणि घोडीला अंगणात फिरवायला सुरुवात केली. फाटक्या वहाणा पहिल्याच फेरीत चिखलात राहिल्या. ती अनवाणी चालत राहिली. सुजलेल्या पायांतून रक्त येऊ लागलं, तरी चालत राहिली. घोडी कण्हायची, मान टाकायची, गुडघे मोडायची. गोजरा तिला म्हणायची, "चल माझी बाय, चल. थांबू नको." आणि शेवटी घोडीच्या आधी तीच खाली कोसळली. उठायला गेली, तर पाय अंग पेलेनात.

कारभाऱ्याने धावत येऊन दोर घेतला. चांदणीने त्याच्या हाताला चावा घेतला आणि ती आडवी व्हायला लागली.

गोजरा चिखलात बसल्या बसल्या ओरडली, "कारभारी, वैरणीचा हातगाडा आणा! मला त्यात घाला आन् तिच्या म्होरं ओढा!"

कारभारी आयुष्यात कुणाचं ऐकणारा नव्हता, पण त्या दिवशी त्याने ऐकलं. हातगाड्यात गोजरा, तिच्या हातात दोर, मागे घोडी, आणि पुढे चिखलात घसरत गाडा ओढणारा म्हातारा कारभारी. अशी ती वरात दुपार टळेपर्यंत त्या अंगणात फिरत राहिली. अखेर चांदणी थांबली, तिने शेपूट उचललं आणि लीद टाकली. पोट मोकळं झालं! लीद पडली म्हणून माणसं आनंदाने एकमेकांना मिठ्या मारतात, हे दृश्य फक्त पागेतच पाहायला मिळतं.

घोडी वाचली. मग कारभाऱ्याचं लक्ष गोजराच्या पायांकडे गेलं.

"तुझं ते हौदातलं बूट कुठं हायती?"

गोजराने मान खाली घातली. "पेटीत."

"कशापायी?"

"खराब हुतील म्हणून."

पेटी उघडली. बुटांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती आणि चामडं फळीसारखं कडक झालं होतं. गोजराने पाय घालून पाहिला. पाय इतका सुजला होता की आत जाईना.

"बूट राखलंस," कारभारी म्हणाला, "आन् पाय घालवलंस. बूट काय घोडीला फिरवणार हुते?"

त्याला वाईट वाटलं, पण शब्द तो शब्द. गोजराला त्याच हातगाड्यातून घाट उतरवलं. तिच्या जागी दुसरा माणूस आला. म्हणजे चांदणीच्या नशिबी पुन्हा नवा हात. पाय दुखत होते त्याहून जास्त गोजराला हे दुखत होतं.

पाय बरे झाल्यावर ती बूट घेऊन मोच्याकडे गेली. त्याने बुरशी पाहिली आणि संतापाने तो लालबुंद झाला.

"मी हे चिखलासाठी केलं हुतं! पेटीसाठी करायचं असतं, तर नक्षी न्हाई का काढली असती? अगं, चामडं पायात असलं, रोज पुसून तेल खाल्लं, तर जगतंय. पेटीत टाकलं की मरतंय." बोलता बोलता त्याने तेलाचं भांडं ओढलं आणि बूट मऊ करायला घेतले. कितीतरी दिवस तो त्यांना तेल पाजत होता. भांडत होता, पण पाजत होता.

थंडी सरत आली, दुसरा माणूसही लंगडत उतरला आणि गोजरा पुन्हा घाट चढून गेली. "पयल्यापासनं," कारभारी म्हणाला. "पुरा पावसाळा, पुरी थंडी."

"पयल्यापासनं," ती म्हणाली.

ती चांदणीजवळ गेली. घोडीने कान मागे टाकले आणि तिच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. गोजराला रडू कोसळलं. रडत रडतच ती म्हणाली, "चाव गं बाय. सोडून गेले, तर चावशीलच." आणि तिने खरारा हातात घेतला.

त्या सकाळपासून बूट तिच्या पायात होते. पहिल्याच दिवशी ती लिदीत घोट्यापर्यंत उतरली, तेव्हा काळजात थोडी कळ आली. दुसऱ्या दिवशी कमी आली. तिसऱ्या दिवशी ती बुटांकडे पाहायला विसरली. रोज संध्याकाळी मात्र ते धुवायचे, पुसायचे, चुलीपासून लांब सावलीत वाळवायचे आणि तेलाचा हात फिरवायचा, हे ती कधी विसरली नाही. पाऊस आला आणि गेला. धुकं आलं, थंडी आली. घोडे तिच्या एका हाकेला माना वळवू लागले. चांदणीला तिच्या स्वभावाप्रमाणे थोडा जास्त वेळ लागला, पण तीही हाताला आली.

थंडी सरली त्या दिवशी कारभारी पागेच्या किल्ल्या घेऊन आला. त्याने गोजराच्या बुटांकडे पाहिलं. चवड्यावर टापेचा ठसा, बाजूने ओरखडे, टाच झिजलेली, वर ताज्या लिदीचे शिंतोडे.

"पार वाट लावलीस की गं एवढ्या चांगल्या बुटांची!" तो तिरकसपणे म्हणाला.

गोजरा दगडावर बसली. तिने एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही पाय पुढे केले. ना भेग, ना सूज, ना एक चिखली.

"बूट काय बघताय, कारभारी?" ती म्हणाली. "पाय बघा की!"

कारभाऱ्याने पाहिलं, आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: कष्टाच्या कामासाठी चांगली वस्तू पारखून घ्यावी, आणि घेतली की रोज वापरावी. वस्तू झिजली तर दुसरी मिळते. ती जपायला आपण झिजलो, तर आपल्यावर विसंबलेल्यांचं कोण पाहणार?