पहिला डबा फुकट

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. बातमी आली त्या दिवशी तो ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. त्याची भावजय सुगंधा म्हणाली होती, "भावजी, शेंगा फोडा, पण दाणे खाऊ नका." सखाहरीने दाणे खाल्ले नाहीत. शेळीने खाल्ले. तो बघत होता.

तेवढ्यात सरपंचांचा निरोप आला. सखाहरीला नोकरी लागली होती.

नोकरी परदेशी कंपनीची होती. कंपनी 'गुटगुटी' नावाची भुकटी विकायची. तान्ह्या बाळांना ती पाण्यात कालवून पाजायची असे. डब्यावर एका लठ्ठ, गोऱ्यापान बाळाचं चित्र होतं. कंपनीचे सबनीस साहेब गावात आले आणि त्यांनी सरपंचांना एकच गोष्ट विचारली, "बायका ज्याला लाजत नाहीत, थेट चुलीपर्यंत येऊ देतात, असा माणूस कोण?" सगळ्यांनी सखाहरीकडे बोट दाखवलं. साहेबांनी वहीत लिहिलं, 'गावाचा विश्वास मिळाला.'

पहिला डबा सखाहरीच्याच घरी गेला. सुगंधाची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी दोन महिन्यांची होती, अंगाने बारीक. सुगंधाने डब्यावरचं बाळ पाहिलं, मग मांडीवरचं पाहिलं.

"ही असं बाळसं धरेल का हो, साहेब?"

"महिन्यात धरेल. पण आत्ता उघडू नका. आमचे मोठे साहेब परदेशातून येणार आहेत. पहिला चमचा त्यांच्या हातून. फोटो निघेल."

सुगंधाने डबा फडताळात ठेवला आणि रोज पुसू लागली.

साहेबांनी सखाहरीला काम सांगितलं, "ज्या घरात पाळणा हलताना दिसेल, तिथे एक डबा फुकट द्यायचा."

सखाहरी निघाला. शेवंताकाकूंचा पाळणा वाऱ्याने हलत होता. आत मांजर व्यालं होतं. सखाहरीने डबा दिला. पिल्लं चार होती, म्हणून चार दिले. शेजारी हौसाचं बाळ गाढ झोपलं होतं. पाळणा हलत नव्हता. तिथे दिला नाही.

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे शहाण्या, पाळणा कसला बघतोस? कान दे. जिथे रडणं ऐकू येईल, तिथे जायचं. हसून म्हणायचं, आता काळजी नको, महिन्यात गुटगुटीत होतील."

दुसऱ्या दिवशी मुळीकांच्या वाड्यावर मोठं रडणं ऐकू आलं. ब्याऐंशी वर्षांचे आबा मुळीक गेले होते. सखाहरी गर्दीतून पुढे झाला. त्याने आबांच्या उशाशी डबा ठेवला आणि हसून म्हणाला, "आता काळजी नको. महिन्यात गुटगुटीत होतील."

त्याला चौघांनी मारलं. पाचवा वहाण शोधत होता.

साहेब ओरडले, "मूर्खा! जिथे माणसं जमलेली दिसतील, तिथे तोंड पाडून उभं राहायचं. म्हणायचं, फार वाईट झालं, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत. मग डबा द्यायचा."

"तेव्हाही द्यायचा?"

"डबा कधीही द्यायचा."

तिसऱ्या दिवशी हौसाच्या घरी माणसं जमली होती. बारसं होतं. सखाहरी तोंड पाडून पाळण्यापाशी गेला. "फार वाईट झालं," तो हौसाला म्हणाला. "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत." आणि त्याने डबा दिला. हौसाच्या सासूने घुगऱ्यांचं पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घातलं. डबा मात्र ठेवून घेतला.

पुढे तीन आठवडे हौसाच्या बाळाला गुटगुटी मिळाली. मग डबा संपत आला. हौसा तांब्याभर पाण्यात एकच चमचा टाकू लागली. बाळ वाळत चाललं. सखाहरी साहेबांकडे गेला.

"साहेब, हौसाला दुसरा डबा द्या."

"दुसरा फुकट नसतो."

"मग तिने अंगावर पाजावं?"

"आता कुठलं पाजते?" साहेब हसले. त्या दिवशी ते खुशीत होते. "ऐक, तुला आतली गोष्ट सांगतो. पहिला डबा फुकट. तो संपेपर्यंत आईचं दूध आटतं. मग ती जाते कुठे? दागिना मोडेल, पण डबा घेईल. याला धोरण म्हणतात."

"परदेशातही असंच वाटता?"

"छे! तिथे असं वाटायला बंदी आहे."

सखाहरीने मान डोलावली. शिकवलेलं तो कधी विसरत नसे.

मोठे साहेब यायचा दिवस उजाडला. शाळेपुढे मांडव पडला. सगळ्या लेकुरवाळ्या पुढे बसल्या. हौसा नव्हती. ती बाळाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात होती. सुगंधा नवं लुगडं नेसून, मुलीला मांडीवर घेऊन व्यासपीठावर बसली. फडताळातला डबा समोर टेबलावर होता. मोठ्या साहेबांच्या हातात चांदीचा चमचा होता.

सबनीस साहेबांनी सखाहरीचा दंड धरला. "आज स्वतःचं डोकं लावायचं नाही. मी शिकवलंय तेवढंच बोलायचं. एक शब्द गाळायचा नाही. कळलं?"

"कळलं."

माणसं जमलेली दिसत होती. सखाहरी ध्वनिक्षेपकापुढे तोंड पाडून उभा राहिला. मोठ्या साहेबांकडे वळून म्हणाला, "फार वाईट झालं. आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत."

मग बायकांकडे वळला आणि हसून म्हणाला, "पहिला डबा फुकट. तो संपेपर्यंत आईचं दूध आटतं. मग ती जाते कुठे? दागिना मोडेल, पण डबा घेईल. याला धोरण म्हणतात. परदेशात असं वाटायला बंदी आहे."

कर्णा चांगला होता. नदीपलीकडच्या वाडीलाही ऐकू गेलं.

मोठ्या साहेबांनी सबनीसांना आपल्या भाषेत विचारलं, हा काय म्हणतोय? सबनीस म्हणाले, "आपलं स्वागत करतोय." मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मांडवात दुसऱ्या कोणी वाजवल्या नाहीत.

सुगंधा डब्याकडे बघत राहिली. मग तिने मुलीवर पदर घेतला, तिथेच व्यासपीठावर तिला अंगाशी लावलं आणि उठली.

"भावजी, चला घरी."

"पण साहेब म्हणाले होते, फोटो..."

"चला म्हणते ना!"

दोघं निघाली. मागोमाग बायका उठल्या. ज्यांच्याकडे डबे होते, त्यांनी संध्याकाळपर्यंत ते आणून मांडवात ठेवले. शेवंताकाकूंनी मांजराचे चारही आणले.

पुढच्या आठवड्यात सबनीस साहेब सखाहरीला कामावरून काढायला बसले. छापील कागद होता. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे रकाना होता, 'काढण्याचं कारण'. साहेबांनी लिहिलं, 'शिकवलेलं जसंच्या तसं बोलला.' खोडलं. 'खरं बोलला' लिहिलं. तेही खोडलं. नवा कागद घेतला.

तो रकाना अजून भरायचा राहिला आहे.