दोनशे चौदा अर्ज

"पुसलेलं परत आणता येतं का, भंते?"

"कशाला आणायचंय?"

कुमुदिनीताईंनी नजर पडद्यावरून काढली नाही. समोर त्यांचाच कॉम्प्युटर होता. पडद्यावर एक ओळ होती : 'या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?' खाली 'हो' आणि 'नको'. माऊसवर बोट ठेवून त्या बराच वेळ तशाच बसल्या होत्या.

भंते संघतिस्स भिक्खूचं चीवर घेण्याआधी टेलिफोनच्या तारा जोडायचे. आता ते डोंगरपायथ्याच्या या विहारात राहायचे, आणि गावात कोणाचंही यंत्र बिघडलं की ते त्यांच्यापुढे यायचं.

कुमुदिनी सोनकांबळे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चार वर्षं दर रविवारी ध्यानाला यायच्या. सगळ्यात पुढे बसायच्या, ताठ.

कॉम्प्युटर विकायचं त्यांनीच ठरवलं होतं. गावातली शाहीन पठाण तो घेणार होती. तिला लोकांचे फॉर्म भरून द्यायचं दुकान काढायचं होतं. चार वाजता ती न्यायला येणार होती. त्याआधी जुनं सगळं काढून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची, एवढंच राहिलं होतं.

"आत काय आहे?" भंतेंनी विचारलं.

"पुरावा."

"कशाचा?"

"आमच्याकडच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायची रीत मी शोधली होती. तुरीच्या काड्यांच्या कोळशाने. विभागप्रमुखांनी ती स्वतःच्या नावावर छापली. पुरस्कारही घेतला. नऊ वर्षं अर्ज करतेय मी. दोनशे चौदा अर्ज आहेत यात."

दोनशे चौदा म्हणताना त्यांची मान जरा वर झाली.

"नक्कल घेतलीत?"

"घेतलीये. पेनड्राइव्हवर. पर्समध्ये आहे."

"मग बोट का अडलं?"

"तुम्ही म्हणणार, सोडून द्या," कुमुदिनीताई एकदम तडकल्या. "मला ठाऊकच होतं. चोरी माझी झालीये, भंते. तुमची नाही!"

"मी कुठे म्हटलं, सोडा?"

भंतेंनी स्टूल जवळ ओढलं. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. उजवा कान त्यांनी ताईंकडे केला.

"वाचा."

"काय?"

"पहिल्या अर्जापासून. मी ऐकतो."

ताईंनी 'नको' दाबलं. पहिला अर्ज उघडला. तीन पानं. वाचताना आवाज असा चढला की बाहेर झाडणारी बाई झाडू थांबवून पाहू लागली. मग दुसरा. मग तिसरा.

भंते मान हलवत नव्हते. पेंगतही नव्हते. नुसते ऐकत होते. असं कुणी ऐकलं नव्हतं ताईंचं, साहेबांनी नाही, वकिलांनी नाही, घरच्यांनीही नाही.

अकराव्या अर्जाला आवाज खाली आला. एकोणिसाव्याला त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढे..." त्यांनी आणखी दोन-तीन उघडून पाहिले. "पुढे तेच आहे, भंते. तारखा बदलल्यात."

"बरं."

झाडूचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"एक विचारू, ताई?"

"विचारा."

"त्या कोळशातून आलेलं पाणी... चवीला कसं लागायचं?"

कुमुदिनीताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. नऊ वर्षांत त्यांना जावक क्रमांक विचारला होता, शिक्के विचारले होते, साक्षीदार विचारले होते.

"गोडं," त्या म्हणाल्या. "अगदी गोडं. पण पहिले दोन तांबे फेकून द्यावे लागायचे, काळपट यायचे. मग माझ्या लक्षात आलं, काड्या आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायला हव्यात. रात्रभर. आणि भट्टी जास्त पेटू द्यायची नाही, नाहीतर राख होते..."

त्या बोलत राहिल्या. टेबलावरचा जुना लिफाफा उलटा करून त्यावर माठ काढला, माठाखाली माठ, मध्ये कोळशाचा थर. किती बोटं जाड, तेही लिहिलं. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"इथल्या शाळेच्या बोअरचं पाणी पिऊन पोरांचे दात पिवळे पडलेत," भंते म्हणाले.

"बाटलीत भरून पाठवा मला. नाही... थांबा, मीच येते सोमवारी. पोतंभर काड्या लागतील."

भंते पाणी प्यायला उठले. माठ कोपऱ्यात होता. ते सावकाश प्यायले, पेला विसळला, पालथा घातला.

परत आले तेव्हा पडद्यावर निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ताई हात मांडीवर ठेवून ती बघत होत्या. डोळे ओले होते, पण त्या पुसत नव्हत्या.

पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. भंतेंनी त्याचं नावही काढलं नाही.

चार वाजता शाहीन आली. कॉम्प्युटर गुंडाळायला घरची धुतलेली चादर घेऊन ती दाराशी उभी राहिली.

"झालं का ओ बाई?"

"होतच आलंय."

तेवढ्यात पडदा उजळला. कोरा, स्वच्छ. मधोमध एक चौकट आली : 'नमस्कार. तुमचं नाव काय?'

कुमुदिनीताईंचे हात सवयीने पुढे गेले. 'प्रा. कु' एवढं टाइप झालंसुद्धा.

"भंते, आता नाव घातलं की झालं ना?"

भंते किंचित हसले.

"ते तुम्हाला विचारत नाहीये, ताई. उठा... शाहीनला बसू द्या."