धुराच्या वाटेवरचे नाक

एकदा एका कारखानदाराने धूर ओढणारे यंत्र आणले आणि त्याच्या पूजेला आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावले. लोखंडी फाटके बनवणारा हा शिष्य मनाने उदार होता. वेल्डिंगचा धूर छातीत बसू नये म्हणून तो कारागिरांना रोज न चुकता गूळ वाटत असे. तरीही त्याचा सर्वांत निष्णात कारागीर, इलाही, खोकून खोकून बेजार झाला होता आणि काम सोडून कायमचे गावी जायचे म्हणत होता. मालकाच्या जिवाला घोर लागला, म्हणून हे यंत्र आले.

यंत्राच्या पाइपचे भले थोरले तोंड त्याने इलाहीच्या डोक्यावर, पार छताजवळ टांगले होते. रस्त्यावरूनही ते दिसावे, एवढी हौस माणसाला असायचीच!

नारळ फुटला, यंत्र घरघरू लागले. गुरुजींनी मात्र उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला, इलाही वेल्डिंग करतो तिथे जमिनीवर ठेवला आणि शिष्याला म्हणाले, "बस इथे. इलाही वाकतो तसा वाक."

"गुरुजी, अहो, सदरा नवा आहे."

"असू दे. वाक."

शिष्य चक्रावला, पण वाकला. धूर सरळ वर निघाला, त्याच्या नाकातोंडात शिरला आणि मग थाटात यंत्राकडे गेला. मालकाला असा ठसका लागला की कारागिरांची हसून मुरकुंडी वळली. इलाहीही हसला आणि हसता हसता खोकत सुटला. तो खोकला ऐकून शिष्याला फार वाईट वाटले.

गुरुजी म्हणाले, "अरे, यंत्र उत्तमच आहे. धूर छतापर्यंत जातोही. पण वाटेत याचं नाक लागतं. धूर जिथे जन्मतो तिथेच धरावा. एकदा छातीत गेलेला धूर गुळाने बाहेर येत नाही."

शिष्याने स्वतः शिडी लावली. लवचीक पाइप खाली ओढून त्याचे तोंड कामाच्या अगदी शेजारी, वितीभर अंतरावर आणले. उदबत्तीचा धूर मुकाट्याने आडवा वळला. इलाहीने मुखवटा चढवून एक सांधा जोडला. धूर चेहऱ्याकडे फिरकलाच नाही.

"मग इलाहीभाई, गावी जाणार?" मालकाने भीत भीत विचारले.

"जाणार की, मालक," इलाही म्हणाला, "ईदला. चार दिवस."

ज्याची काळजी वाहायची, त्याच्या जागेवर एकदा बसून पाहावे.