तोडलेला सहावा वेल

डोंगरउतारावरच्या एका गावात एक माळी राहत असे. झाडाला काही झालं की सारं गाव त्याच्याकडे धावे. "मला ठाऊक नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते.

शेजारी भिमाकाकू एकट्याच राहत. त्यांनी दूरच्या थंड मुलखातून किवीची सहा रोपं आणून मांडवावर चढवली होती. चौथ्या वर्षी पाच वेलांना फळं लागली. वरून तपकिरी, केसाळ. कापली की आत हिरवीगार! सहाव्या वेलाला मात्र नुसती फुलं आली.

"दादा, याला फळ का धरत नाही?" काकूंनी विचारलं.

माळ्यानं किवी जन्मात कधी लावली नव्हती. तरी तो म्हणाला, "वांझ वेल आहे, काकू. फुकट खत-पाणी खातोय. तोडून टाका."

काकूंनी तोडला.

पुढच्या वर्षी पाचही वेल फुलांनी लगडले आणि सगळी फुलं गळून गेली. एकही फळ धरलं नाही.

"माझाच हात वाईट," काकू म्हणाल्या.

माळी मनातून चरकला. काहीतरी निमित्त काढून तो त्या थंड मुलखात गेला. तिथला बागवान म्हणाला, "किवीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नराला फळ येत नाही, पण मधमाश्या त्याचा पराग नेतात तेव्हाच मादी वेलांना फळं धरतात. तोडला तर नाहीत ना?"

"छे, छे!" माळी म्हणाला. त्याचे कान तापले होते.

परत आल्यावर महिनाभर तो काकूंच्या दारावरून खाली मान घालून जाई. खरं सांगावं, तर गावात पत काय राहील?

एके सकाळी पाहतो तर काकू कुदळीनं उरलेले वेल खणून काढत होत्या. चार शेजारीही जमले होते.

"माझ्या हातून काही फळायचं नाही, दादा."

माळ्यानं कुदळ धरली. "तुमचा हात नाही काकू, माझी जीभ वाईट. तो नर वेल होता. मला काही ठाऊक नव्हतं. आणि कळल्यावरही मी गप्प बसलो."

काकूंनी कुदळ सोडली आणि म्हणाल्या, "वेल पुन्हा लावता येईल. पण मी स्वतःला बोल लावत होते, आणि तुम्ही ते ऐकत होतात."

माळ्याला वर बघवेना.

त्यानं बागवानाकडे जाऊन खोटं बोलल्याचं कबूल केलं, नर वेल आणून लावला, तीन वर्षं स्वतः पाणी घातलं. चौथ्या वर्षी मांडव फळांनी वाकला. काकूंनी घरोघर फळं वाटली, माळ्याच्या घरीही दिली. सगळे म्हणाले, गोड आहे. त्यानं मात्र पहिला घास घेऊन फळ खाली ठेवलं.

तात्पर्य: माहीत नसताना सल्ला देणं ही चूक, पण आपल्या चुकीचा दोष दुसरा स्वतःवर घेत असताना गप्प राहणं, हे पाप.