सगळी पोरं सरासरीच्या वर

विस्तार अधिकारी डोईफोडे साहेबांचा आवाज जेवढा मोठा, तेवढंच गणित कच्चं. शाळेत आले, सत्काराचा नारळ काखेत मारला आणि चौथीच्या चाचणीचा निकाल बघून कडाडले, "निम्मी पोरं वर्गाच्या सरासरीच्या खाली? पुढच्या चाचणीत एकूण एक पोर सरासरीच्या वर पाहिजे! नाहीतर तुमची बदली थेट डोंगरात!"

"साहेब, कुणी वर असायचं तर खालीही कुणीतरी लागतंच की," कुंभारे बाई म्हणाल्या.

"कारणं नकोत, उपाय सांगा!"

बाईंनी पदरानं पहिला बाक पुसला आणि त्यावर कोरी उत्तरपत्रिका ठेवली.

"मग पोरांबरोबर तुम्हीही परीक्षेला बसा. तेवढी खालची जागा तुम्ही सांभाळलीत, की सगळी पोरं वर!"