तरुण तडफदार

साठीच्या पुढच्यांना लस मिळणार म्हटल्यावर दवाखान्यासमोर उजाडायच्या आत चपलांची रांग लागली. चपला उन्हात आणि चपलांचे धनी चिंचेखाली. लस संपली म्हणून अनशाक्का दोनदा हात हलवत माघारी गेली होती. आज मात्र तिची चप्पल पहिली होती. लस टोचून घेतली की लेकीचं बाळ बघायला जायचं, असा तिचा बेत होता.

तेवढ्यात नगरसेवक बाजीराव गाडीतून उतरले आणि थेट दारात गेले. "सिस्टर, आधी माझं उरका."

अनशाक्का उठली. "साहेब, आज म्हाताऱ्यांचा नंबर हाय. तुमचा यायला अजून अवकाश हाय."

"मला एकसष्ट पुरी झालीत!" बाजीराव कडाडले.

अनशाक्कानं फाटकावरच्या फलकाकडं बोट केलं. काळ्याभोर मिशांचे बाजीराव तिथं हात जोडून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'तरुण तडफदार नेतृत्व'.

"आता ह्यातलं खरं काय, ते तुम्हीच सांगा. तरुण असाल तर घरी जावा, तुमची पाळी आली की सरकार बोलवंल. म्हातारे असाल तर आमच्यातलेच झालात. मग चपला काढा आणि रांगेत शेवटाला ठेवा."

चिंचेखाली हशा पिकला. बाजीरावांनी एकदा फलकाकडं पाहिलं, एकदा दाराकडं पाहिलं आणि गुपचूप पायातल्या करकरीत कोल्हापुरी काढून रांगेच्या टोकाला ठेवल्या.

चिंचेखालचे ऐंशी वर्षांचे तातोबा लगेच सरकले आणि शेजारची जागा उपरण्यानं झटकून म्हणाले, "या आजोबा, बसा."